निळें पिलूं आणि आम्ही

"खेळ पुरे, आतां पुस्तकें उघडा!" हें वाक्य आम्हीं आपल्या चौतीस वर्षांच्या नोकरींत किती वेळां उच्चारलें असेल याचा हिशेब मांडूं लागलों तर या अंकाचीं सारीं पानें पुरणार नाहींत. मधल्या सुटीची दुसरी घंटा झाली, कीं पटांगणाच्या कडेला उभें राहून हें वाक्य म्हणावयाचें, आणि मुलांच्या चेहऱ्यांवरील आनंद फळ्यावरच्या खडूसारखा पुसला जातांना पाहावयाचा, हा आमच्या दिनचर्येचा एक भागच होऊन गेला होता. त्या मुलांपैकीं कित्येकजण आज पालक या नात्यानें हा अंक वाचीत असतील. त्यांच्यापुढें आम्हांला एक कबुली द्यावयाची आहे. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं आम्हांला खेळावयास शिकावें लागलें. आणि शिकविणारे गुरु दोन. एक आमची साडेचार वर्षांची नात, व दुसरें निळ्या रंगाचें एक कुत्र्याचें पिलूं.

हें पिलूं हाडामांसाचें नव्हे. शाळेंत जाण्यापूर्वींच्या वयाच्या मुलांकरितां ऑस्ट्रेलियांत तयार झालेल्या 'ब्लूई' नांवाच्या दूरचित्रवाणी मालिकेची तें नायिका आहे. ज्या घरांत लहान मूल आहे त्या घराला हें नांव कदाचित् ठाऊक असेल. परंतु वरच्या वर्गांतील विद्यार्थी 'हें बाळांचें!' म्हणून नाक मुरडीत असतील, आणि पालक मुलाला पडद्यापुढें बसवून तेवढ्यांत स्वयंपाक उरकून घेत असतील. आमची योग्यता याहून अधिक नव्हती. हलत्या चित्रांचा खेळ म्हणजे उंदरानें मांजराच्या डोक्यांत हातोडा घालावा, मांजरानें पापडासारखें चपटें व्हावें, आणि पुढच्या क्षणीं दोघांनींही पुन्हां पळूं लागावें, एवढेंच आम्ही जाणत होतों. वर्गांत कोणी त्याचें नांव काढलें तर त्याला आम्हीं बांकावर उभें केल्याचेंही स्मरतें.

२०२३ च्या मे महिन्यांत, सात आठवड्यांच्या दुखण्यानंतर, आमच्या पत्नीनें आमची साथ सोडली. शेवटचे वीस दिवस आमची कन्या आपल्या लहानग्या मुलीला घेऊन आमच्याजवळ येऊन राहिली होती. तीं दोघें परत गेल्यावर घरांत आम्ही, भिंतीवरचें घड्याळ व एक मांजर एवढेच उरलों. आणि पुढें मांजरही शेजारच्या घरीं जेवूं लागलें. कन्येनें फारच आग्रह धरला, तेव्हां नोव्हेंबरांत आम्ही ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन शहरीं तिच्या घरीं जाऊन पोहोंचलों. नीलमोहराचा बहर ओसरत आला होता व रस्त्यांच्या कडांना जांभळ्या फुलांचा सडा पडला होता. तेथें आपल्याकडील शराटीच्या जातीचे, लांब वांकड्या चोंचीचे पांढरे पक्षी कावळ्यांच्या निःसंकोचपणानें कचऱ्याच्या पेट्या उपशीत असतात. एवढ्या देखण्या पक्ष्यानें असला उद्योग करावा याचें आम्हांला प्रथम फार वाईट वाटलें.

नात दाराआड उभी राहून आम्हांला न्याहाळीत होती. आम्हीं तिला प्रेमानें जवळ बोलाविलें, मांडीवर घेतलें, आणि आजोबानें नातीला पहिल्या भेटींत जो प्रश्न विचारावा असें आम्हांस वाटत होतें तो विचारला : "सांग पाहूं, एकापासून वीसपर्यंत मराठी अंक येतात का तुला?" ती मांडीवरून घसरली व आंत पळाली. पुढें आठ दिवस ती आमच्याजवळ आली नाहीं.

त्या घरीं असा नियम होता, कीं संध्याकाळच्या आंघोळीनंतर मुलीनें 'ब्लूई'चे तीन भाग पाहावे. एकेक भाग जेमतेम सात मिनिटांचा. आम्ही त्याच खोलींत दुसऱ्या कोंपऱ्यांत पुस्तक उघडून बसत असूं. प्रथम पुस्तक वाचीत होतों. मग पुस्तकाच्या वरच्या कडेवरून पाहूं लागलों. पांचव्या कीं सहाव्या दिवशीं पुस्तक उलटें धरलें असल्याचें कन्येनें आमच्या लक्षांत आणून दिलें.

ज्यांना हें कुटुंब ठाऊक नाहीं त्यांच्याकरितां त्याची थोडी ओळख करून देतों. ऑस्ट्रेलियांत गुरें वळण्याकरितां पाळलेली कुत्र्यांची एक जात आहे. गुरांच्या टांचांना हलकेंच चावून तीं त्यांना पुढें हांकतात. त्यांतील निळसर अंगाचीं तीं 'ब्लू हीलर'. मालिकेंतील कुटुंब याच जातीचें, परंतु दोन पायांवर चालणारें व ब्रिस्बेनमधील टेकडीवरच्या एका घरांत राहाणारें. तें घर त्या प्रांताच्या जुन्या पद्धतीचें, लांकडी, खांबांवर उंच उभें केलेलें व पुढें ऐसपैस व्हरांडा असलेलें आहे. वडील बँडिट हे पुराणवस्तुसंशोधक. म्हणजे जमीन उकरून हाडें शोधणें हा त्यांचा व्यवसाय. आई चिली ही विमानतळावर सामान हुंगून तपासते. कुत्र्याला याहून शोभणारा धंदा दुसरा कोणता असणार! ब्लूई सहा वर्षांची आणि तिची धाकटी तांबूस बहीण बिंगो चार वर्षांची. निळा रंग पाहून ब्लूई हा मुलगा असावा असें आम्हीं गृहीत धरलें होतें. ती मुलगी आहे हें चौथ्या भागांत उमगलें, आणि नातीनें आमच्याकडे जो कटाक्ष टाकला तो नापास विद्यार्थ्याकडे आम्ही टाकीत असूं त्याच जातीचा होता.

या मालिकेंत दुष्ट कोणी नाहीं. राक्षस नाहीं, चोर नाहीं, जगावर कोसळणारें संकट नाहीं. मग सात मिनिटें घडतें तरी काय? खेळ. पहिल्याच भागांत एक वाद्य आहे. पट्ट्यांवर काठीनें टोले मारून वाजवावयाचें. मुलीनें टोला मारला, कीं बापानें जेथें असेल तेथें, जसा असेल तसा गोठून जावयाचें. पुन्हां टोला पडेपर्यंत हालावयाचें नाहीं. आपल्याकडे मुलें 'स्टॅच्यू' म्हणून खेळतात तोच हा खेळ, फक्त समुद्रापलीकडला. दुसऱ्या एका भागांत फुगा जमिनीला टेकूं द्यावयाचा नाहीं, एवढ्याचसाठीं सारें घर धांवतें. तिसऱ्या एका भागांत ब्लूई व तिचे सवंगडी बागेंत केवळ सावल्यांवर पाऊल ठेवून चालतात. तो पाहातांना आमच्या लहानपणींची ऊन-सावली आठवून आम्हीं पुस्तक अजिबात मिटलें. त्या भागांत एक मैत्रीण अडचण आली कीं नियम बदलूं पाहाते आणि ब्लूई तिला तो बदलूं देत नाहीं. नियम सैल केला तर खेळांत राहिलें काय, हें ती जाणते. चौतीस वर्षें आम्हीं शिस्तीवर व्याख्यानें दिलीं, पण शिस्तींत गंमत असते हें आमच्या व्याख्यानांत कधीं आलें नव्हतें.

आमचा मुख्य आक्षेप बापावर होता. हा गृहस्थ कामावरून घरीं येतो, दमलेला असतो, अंग टाकूं पाहातो. आणि मुलींनीं हुकूम केला, कीं घोडा होतो, रोगी होतो, उतारू होतो, फरशीवर लोळतो. एवढ्या शिकलेल्या माणसानें (माणसानें म्हणजे कुत्र्यानें) पोटच्या पोरींकडून असें हंसें करून घ्यावें हें आम्हांला पटेना. बाप म्हणजे कांहीं मर्यादा आहे कीं नाहीं? हा आक्षेप आम्हीं एके रात्रीं जेवणानंतर कन्येजवळ बोलून दाखविला. ती भांडीं पुशीत होती. पुशीत पुशीतच ती म्हणाली,

"बाबा, तुम्ही माझ्याशी कधी खेळल्याचं मला आठवत नाहीं. अभ्यास घेतल्याचं आठवतं."

तिच्या स्वरांत राग नव्हता. राग असता तर आम्हांला उत्तर देतां आलें असतें. तिनें तेंच ताट पुन्हां एकदां पुसलें, फडताळांत ठेवलें आणि दिवा मालवून ती झोंपावयास गेली. आम्ही अंधारांत बराच वेळ बसून आठवण्याचा प्रयत्न केला. पाढे आठवले. शुद्धलेखनाच्या वह्या आठवल्या. चवथीच्या शिष्यवृत्तीच्या वेळीं पहांटे लावलेला कंदील आठवला. खेळ एकही आठवला नाहीं.

दुसऱ्या दिवसापासून आम्हीं खेळावयाचें ठरविलें. आणि वाचकहो, खेळणें ही गोष्ट ठरवून येत नाहीं. नातीनें दुकान मांडलें होतें. आम्ही गिऱ्हाईक झालों. केळें पांच डॉलरला व शिंपला तीन डॉलरला होता. सवयीप्रमाणें आम्हीं विचारलें, "मग दोन्ही मिळून किती झाले?" तिनें क्षणभर आमच्याकडे पाहिलें, केळें काढून घेतलें, शिंपला काढून घेतला आणि जाहीर केलें, "दुकान बंद."

असें तीन वेळां दुकान बंद झाल्यावर आमच्या ध्यानांत आलें, कीं आमच्या खेळांतून मास्तर कांहीं केल्या जात नाहीं. मुलाला खेळांत कोणी चोरून शिकवूं लागलें, कीं तें त्याला तत्काळ कळतें. साखरेंत घोळलेली कडू गोळी जशी जिभेला कळते तसें. मग एके दिवशीं डिसेंबरच्या उन्हांत (तेथें डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा) जवळच्या बागेंत आम्ही सावल्यांचा खेळ खेळलों. आमच्या वांट्याला एका झाडाची सावली आली. पुढची सावली सहा पावलांवर. उडी मारणें आमच्या गुडघ्यांना शक्य नव्हतें आणि नियम मोडणें आम्हांला शक्य नव्हतें. माध्यान्ह होत आली तसतशी सावली आंखडूं लागली. पायीं फिरावयास आलेले लोक एका लहानशा सावलींत अंग चोरून उभ्या असलेल्या, टोपी घातलेल्या म्हाताऱ्याकडे पाहून जात होते. वीस मिनिटांनीं एक ढग आला, सगळें मैदान सावलींत बुडालें, आणि नात ओरडली, "आबा, पळ!" आम्ही पळालों. केव्हांपासून पळालों नव्हतों तें देव जाणे. त्या संध्याकाळीं ती आपण होऊन आमच्या शेजारीं येऊन बसली व तिच्या ओल्या केसांचें पाणी आमच्या सदऱ्याच्या बाहीवर ठिबकत राहिलें.

मग आम्हांला या मालिकेच्या कर्त्याविषयीं कुतूहल वाटूं लागलें. त्याचें नांव ज्यो ब्रम. तो क्वीन्सलँड प्रांतांतला. लहानपणीं त्याच्या घरीं ब्लूई नांवाचाच कुत्रा होता. लंडनमध्यें कित्येक वर्षें मुलांच्या चित्रमालिकांवर काम करून तो ब्रिस्बेनला परतला. तो दोन मुलींचा बाप आहे. ब्रिस्बेनमधील लुडो या चित्रशाळेंत त्यानें ही मालिका उभी केली आणि १ ऑक्टोबर २०१८ रोजीं तिचा पहिला भाग तेथील राष्ट्रीय दूरचित्रवाणीनें दाखविला. पुढील साडेपांच वर्षांत तीन मालांमध्यें मिळून दीडशेंहून अधिक भाग झाले. २०२४ या एका वर्षांत एकट्या अमेरिकेंत ती ५,५६२ कोटी मिनिटें पाहिली गेली, असा मोजणी करणाऱ्यांचा आंकडा आहे. मुलांचे आवाज काम करणाऱ्या मंडळींच्याच मुलांनीं दिले आहेत, आणि त्या मुलांचीं नांवें जाणूनबुजून प्रसिद्ध केलेलीं नाहींत. ही गोष्ट आम्हांस फार आवडली. नाहीं तर आजकाल मुलानें एक श्लोक म्हटला, कीं त्याचें चित्र सतरा ठिकाणीं फिरतें!

परंतु या ब्रमची एक गोष्ट वाचून आम्ही थबकलों. आपली मुलगी शाळेंत जाऊं लागली तेव्हां तिच्या आयुष्यांतून खेळ एकाएकीं काढून घेतला गेला व तें पाहाणें आपल्याला फार जड गेलें, असें त्यानें मुलाखतींतून सांगितलें आहे. खेळाचें मुलाच्या वाढींत काय स्थान आहे याचा शोध त्यानें त्यानंतर घेतला, आणि त्यांतून या मालिकेला तिचें रूप आलें. आम्ही कांहीं त्या शाळेचे मास्तर नव्हतों. तरीपण पटांगणाच्या कडेला उभा असलेला, हातांत घंटेची दोरी धरलेला एक माणूस आमच्या डोळ्यांसमोर उभा राहिला व त्याचा चेहरा आमच्या ओळखीचा होता.

क्रिकेटवेड्या विद्यार्थ्यांकरितां एक गोष्ट मध्येंच सांगून टाकतों, कारण ती नंतर सांगावयाची राहील. या मालिकेंत 'क्रिकेट' नांवाचा एक भाग आहे. रस्टी नांवाचा एक लहान मुलगा परसांतील सामन्यांत सर्व मोठ्या बापांना हैराण करतो. कोणालाच तो बाद होत नाहीं. अखेर तो मुद्दाम चेंडू असा अलगद उचलतो, कीं त्याच्या धाकट्या बहिणीला झेल घेतां यावा. पुढें कधीं तुम्ही मैदानावर 'मी आउट नाहींच' म्हणून भांडत असाल तेव्हां तो भाग जरूर पाहा.

आतां मूळ विषयाकडे वळतों. एके संध्याकाळीं जो भाग लागला त्यांत बिंगो आजारी पडून रुग्णालयांत आहे. तिचें मन रमावें म्हणून ब्लूई व बँडिट घरींच एक नाटक रचून त्याचें चित्रण करतात. नाटकांत एका बाईचें पिलूं आजारी पडतें. ती त्याला एका वृद्ध, शहाण्या कुत्र्याकडे नेते. तो म्हणतो, कीं जो कधींच आजारी पडला नाहीं अशाच्या घरून जांभळी चड्डी घेऊन ये. बाई दारोदार फिरते. जांभळ्या चड्ड्या घरोघर असतात. परंतु कधींच आजारी न पडलेला मात्र एकही भेटत नाहीं.

नात चड्डीच्या उल्लेखासरशी हंसून लोळत होती. आम्ही मात्र ताठ बसलों. ही गोष्ट आमच्या ओळखीची होती! श्रावस्तीची किसा गोतमी. तिचें मेलेलें बाळ. आणि ज्या घरांत कोणी मेलें नाहीं अशा घरून मोहरी आण, असें तिला सांगणारे भगवान बुद्ध. ही कथा आम्हीं आठवीच्या वर्गांत वर्षानुवर्षें सांगितली होती. मोहरीची चड्डी झाली व मरणाचें आजारपण झालें, एवढाच फरक. अडीच हजार वर्षांपूर्वींची आपल्या देशांतील ही शोकाकुल माता त्या दूरच्या शहरांत, आंघोळ करून बसलेल्या पोरांपुढें, कुत्रीचें रूप घेऊन दारोदार हिंडत होती. आम्हीं ती कथा सांगितली तेव्हां वर्ग गंभीर होत असे. कोणी हंसला असता तर आम्हीं त्याला बाहेर काढला असता. येथें मुलें हंसत होतीं, आणि हंसतां हंसतां गोष्ट पोटांत जात होती.

नातीनें आमच्याकडे वळून विचारलें, "आबा, तू कधी आजारी पडलास?"

"पुष्कळ वेळां."

"आई?"

"तीसुद्धां."

"आजी पडली होती." हें तिनें विचारलें नाहीं; सांगितलें. आम्हीं मान हालविली. पुढचा भाग सुरू झाला.

त्यानंतर आठवड्याभरानें तिनें आणखी एक भाग पाहिला. त्यांत ब्लूई व तिच्या बापाला वाटेंत जखमी झालेला एक लहान पोपट सांपडतो. ते त्याला गुरांच्या डॉक्टरकडे नेतात, पण तो वांचत नाहीं. घरीं आल्यावर ब्लूई आई व बहिणीला घेऊन तो सगळा प्रसंग खेळ म्हणून पुन्हां घडविते. बिंगो पोपट होते. आईला वाटतें, निदान खेळांत तरी पोपट जगावा. ब्लूईला तें मान्य नसतें. झालें तसेंच झालें पाहिजे. बस्स, एवढाच तो भाग. आम्हीं तो पाहून फारसा विचार केला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं नातीनें कोचावर चादर अंथरली व उशी ठेवली. "आबा, तू आजी हो. झोंप."

आम्ही झोंपलों. तिनें पायांवरून शाल घातली, उशाशीं पाण्याचा पेला ठेवला. मग आमच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून आपल्या नाकावर चढविला, एक खुर्ची ओढून कोचाजवळ आणली, तिच्यावर चढून बसली, आणि कोठल्याशा दुकानाचें जाहिरातींचें मोठें कागदी पत्रक तोंडासमोर धरलें. "मी आबा," ती कागदामागून म्हणाली.

आम्ही थोडा वेळ गप्प राहिलों. मग खेळाला रंग यावा म्हणून हलक्या आवाजांत म्हणालों, "अहो, ऐकलंत का?"

"हं."

"जरा इकडे बघा ना."

"हं. हं." कागद खालीं आला नाहीं.

तो हुंकार आम्हीं चाळीस वर्षें उच्चारला होता. ऐकला मात्र त्या दिवशीं प्रथमच. आम्हांला कोचावर पडून राहवेना. आम्ही कोपरावर उठलों व म्हणालों, "आजीला आतां बरं वाटतंय. आजी उठून चहा करणार."

कागद खालीं आला. चष्म्यावरून तिनें आमच्याकडे पाहिलें व मान हालविली. "नाहीं. तसं नव्हतं. आजी उठली नाहीं. झोंप."

आम्ही पुन्हां पडलों व डोळे मिटले. बाहेर कोठें तरी गवत कापण्याचें यंत्र चालू होतें. कांहीं वेळानें कागदाची घडी होत असल्याचा आवाज आला. एक घडी, दुसरी घडी. मग एक लहानसा, किंचित् चिकट हात आमच्या हातांत आला व तेथेंच राहिला.

"हें काय?" आम्हीं डोळे न उघडतां विचारलें.

"मग आबांनी पेपर ठेवला," ती म्हणाली. "आणि हात धरला. खूप वेळ. जेवायला पण आले नाहींत."

आम्हांला तें आठवत नव्हतें. आम्हांला फक्त पेपर आठवत होता. सहा महिने रोज रात्रीं आम्हांला तो पेपर दिसत असे. त्यांतील मथळेसुद्धां दिसत. हात धरल्याचें जगांत एकाच व्यक्तीनें पाहिलें होतें, व ती त्या वेळीं अवघी चार वर्षांची होती.

किती वेळ गेला कोण जाणे. दारांत कन्या उभी असल्याचें आम्हांस जाणवलें. ती केव्हां आली होती, तिनें काय ऐकलें, तें आम्हीं विचारलें नाहीं. ती आंत आली, जमिनीवर कोचाला टेकून बसली, आणि मुलीला म्हणाली, "मी कोण होऊं?"

नातीनें क्षणभर विचार केला. "तू आई हो. पण तुला रडायचं आहे, फोनवर."

"बरं," कन्या म्हणाली, आणि तिनें रिकामा हात कानाला लावला. आम्ही तिघेंही खेळलों. ज्या खेळांत आम्ही व आमची कन्या दोघेंही होतों असा हा पहिला खेळ.

मालिकेची एवढी स्तुति केल्यावर तिचा एक दोषही सांगितला पाहिजे. १४ एप्रिल २०२४ रोजीं, रविवारीं, तिचा एक लांबलचक भाग तेथें दाखविण्यांत आला, अठ्ठावीस मिनिटांचा. आम्हीं तो सहकुटुंब पाहिला. त्यांत हें कुटुंब घर विकून दुसऱ्या शहरीं जावयास निघतें. घरासमोर 'विकणें आहे' अशी पाटी लागते. ब्लूईची शिक्षिका मुलांना एक जुनी चिनी गोष्ट सांगते. एका शेतकऱ्याचा घोडा पळून जातो. लोक 'काय हें दुर्दैव!' म्हणतात, तो म्हणतो, 'पाहूं या.' पुढें जें जें बरें वा वाईट घडतें त्या प्रत्येकाला त्याचें तेंच उत्तर. येथपर्यंत सर्व उत्तम. परंतु अखेरीस काय होतें? घर घेणारे माघार घेतात, बाप ती पाटी उपटून टाकतो, आणि सारीं तेथेंच राहातात! पोपटाच्या गोष्टींत ज्यांनीं आईला शेवट बदलूं दिला नाहीं त्यांनींच येथें तो बदलून घेतला, असें आमचें मत झालें. घरांतील इतरांना मात्र तो भाग फार आवडला व कन्येचे डोळेही पाणावले, हें प्रामाणिकपणें नमूद करतों.

आमचें परतीचें तिकीट त्या महिन्याच्या अखेरचें होतें. घर विकून कायमचे इकडे या, असें कन्येनें सुचविलें होतें. आम्ही अद्याप तसें करूं शकलेलों नाहीं. विमानतळावर नात प्रथम आनंदांत होती. सामान तपासणाऱ्या बाईंपैकीं चिली कोणती तें ती शोधीत होती. मग आमची पेटी पट्ट्यावरून आंत गेली. ती परत येईना. तिनें बापाकडे पाहिलें. त्यानें कांहीं तरी उपटून टाकावें, अशी ती वाट पाहात होती. तेथें उपटण्याजोगी पाटी कोठेंच नव्हती. त्या भागाच्या कर्त्याला आम्हीं त्याबद्दल अजून क्षमा केलेली नाहीं.

आतां नात तेथील शाळेंत जाते आणि वयानें ब्लूईएवढी झाली आहे. दर रविवारीं सकाळीं साडेसहाला फोनवर आमची भेट होते; तेव्हां तिकडे अकरा वाजलेले असतात. ती एक ताट व एक चमचा घेऊन बसते. कशाकरितां तें चाणाक्ष वाचकांनीं ओळखलेंच असेल. गेल्या रविवारीं फोन ओट्यावर टेकवून, शेगडीवर दूध ठेवून, आम्ही हातांत गाळणें घेऊन चहाचा डबा उघडीत होतों, तोंच टोला पडला. आम्ही होतों तसेच थांबलों. पडद्यावर नात हंसत होती. तेवढ्यांत तिला आंतून कोणी तरी हांक मारली. ती उठून गेली, आणि पडद्यावर छतावरचा पंखा तेवढा फिरतांना दिसूं लागला. दारांत दूधवाला पैशांसाठीं उभा होता. "मास्तर," तो म्हणाला, "मास्तर, बरं वाटत नाहीं का?" आम्हांला उत्तर देण्याची सोय नव्हती. शेगडीवरचें दूध वर येऊं लागलें, कांठापर्यंत आलें, आणि उतूं गेलें. दुसरा टोला अजून पडला नव्हता.